मासाई स्त्रिया : रूढी आणि आरोग्य



दक्षिण केनिया आणि उत्तर टांझानिया यांच्या माळरानांवर गुरे राखणाऱ्या मासाई लोकांविषयी बाहेरच्या जगाने विपुल लिहिले आहे. परंतु त्या लिखाणात भालाधारी तरुण जेवढा दिसतो, तेवढी त्याची आई दिसत नाही. काटेरी कुंपणाच्या आतील घर वास्तविक तीच बांधते. काटक्यांचा सांगाडा, त्यावर शेणामातीचा लेप आणि धूर जाण्यास एखादे लहानसे भोक, असे ते घर असते. पाणी, सरपण, दूध काढणे ही कामेही तिचीच. साहजिकच चुलीच्या धुराचा पहिला भार तिच्या छातीवर व डोळ्यांवर पडतो. गुरांच्या शेणामुळे माशा वाढतात. त्यांच्यामार्फत मुलांना खुपऱ्यांचा विकार जडतो आणि मुलांना सतत जवळ घेणाऱ्या आईला तो वारंवार होतो. अखेर पापणीचे केस आत वळून बुबुळावर घासू लागतात आणि दृष्टी जाते.

गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत स्त्रीने आहार कमी करावा, म्हणजे बाळ लहान राहून प्रसूती सुकर होईल, अशी तेथे समजूत आहे. आपल्या देशाच्या काही भागांतही ती आढळते, तेव्हा हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. रुग्णालय दूर असताना अडलेली बाळंतीण बहुधा वाचत नाही. या समजुतीमागे ते भय आहे. मात्र तिची किंमत रक्तक्षयाने खंगलेली माता आणि कमी वजनाचे अर्भक यांना मोजावी लागते.

मुलींच्या सुंतेला मासाई भाषेत ‘एमुराता’ म्हणतात. हा विधी झाला की मुलगी विवाहयोग्य ठरते आणि पुष्कळदा तिची शाळा तेथेच सुटते. रक्तस्राव, धनुर्वात, जखमेचे व्रण हे धोके उघड आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने केनियासह सहा आफ्रिकी देशांतील 28,000 हून अधिक स्त्रियांची पाहणी करून 2006 साली दाखवून दिले की, सुंता झालेल्या स्त्रियांत शस्त्रक्रियेने प्रसूती करावी लागणे आणि प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव यांचे प्रमाण अधिक असते. टांझानियाने 1998 मध्ये अठरा वर्षांखालील मुलींबाबत आणि केनियाने 2011 मध्ये सर्वांसाठीच या प्रथेवर कायद्याने बंदी घातली. तरीही केनियाच्या 2014 च्या पाहणीत 78 टक्के मासाई स्त्रियांची सुंता झालेली आढळली. अर्थात त्यांपैकी बहुतेकींची सुंता कायद्यापूर्वीची होती. परंतु कायद्याच्या धाकाने काही ठिकाणी हा विधी लपूनछपून आणि अधिक कोवळ्या वयात होऊ लागला, हेही खरे. अशा वेळी रक्त थांबेना झाले तरी मुलीला इस्पितळात नेण्यास घरचे कचरतात.

नाइस लेंगेते या मासाई तरुणीने स्वतः सुंता नाकारली आणि पुढे गावातील वृद्धांचे मन वळवले. सभेत बोलण्याचा मान स्त्रीला नव्हता, म्हणून तिने आधी तरुण पुरुषांशी बोलणे सुरू केले. मला हा मार्ग पोलिसी बडग्यापेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो. आता अनेक गावांत चाकू तेवढा वगळून गाणी, उपदेश आणि वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद यांसह मुलींचा समारंभ होतो.

या समारंभाने गुरांचा प्रश्न मात्र सुटत नाही. दुधावर हक्क स्त्रीचा, पण गाय विकण्याचा निर्णय पुरुषाचा, अशी तेथील रीत आहे. अडलेल्या बाळंतिणीला रुग्णालयात नेण्यास वाहन हवे, वाहनास पैसा हवा आणि पैसा गुरांच्या रूपात दावणीला बांधलेला असतो. पती दूरच्या कुरणात गेलेला असेल, तर पुष्कळदा त्याच्या परतण्याची वाट पाहिली जाते.