डहाणुकेच्या दोन्ही तीरांवर सभा

(वर्षावासाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



संयोजकांनी आम्हाला 'आजचे राजकारण, अर्थकारण आणि आपण' असा विषय दिला आहे. या विषयावर डहाणूत बोलायचे तर दिल्लीपर्यंत जाण्याची गरज नाही. दिल्लीच वाढवणच्या किनाऱ्यावर आली आहे. तेव्हा आज आम्ही वाढवण बंदराविषयीच बोलणार आहोत.

प्रथम एक जुनी गोष्ट. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, दहाव्या लेण्यात एक शिलालेख आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने ते लेणे भिक्खू संघाला दान दिले. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या लेखात त्याने आपली इतर दानेही नोंदवली आहेत. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने फुकट नावांची सोय केली आणि या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व पाणपोया उभारल्या. दाहनुका म्हणजे आपली डहाणूची नदी, असे अभ्यासक मानतात. नाव फुकट, पाणी फुकट आणि लोकांना एकत्र बसायला जागा, अशी ही नोंद आहे.

याच जिल्ह्यात सोपारा आहे. तेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उत्खननाने उजेडात आणला. सोपारा हे त्या काळचे नावाजलेले बंदर होते. व्यापाऱ्यांच्या मागोमाग धम्मही या किनाऱ्यावर आला. तेव्हा बंदर म्हटले की नाक मुरडायचे, अशी आपली परंपरा नाही. परमपूज्य बाबासाहेबांनीही १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून दामोदर खोऱ्यासारख्या मोठ्या योजनांची पायाभरणी केली. मोठ्या कामांना त्यांचा विरोध नव्हता. त्या कामाचे फळ कोणाच्या पदरात पडते, एवढेच ते विचारीत.

आता वाढवणची हकीकत थोडक्यात पाहू. डहाणू तालुका २० जून १९९१ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणच्या बंदराला नकार दिला. न्यायमूर्ती २०१९ च्या जानेवारीत निवर्तले. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली. त्याविरुद्धच्या याचिका एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळल्या. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. बंदरात चौऱ्याहत्तर टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आणि सव्वीस टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा आहे. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव पडणार आहे. महामार्गाला जोडणारा सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता मात्र जमिनीवरूनच जाणार आहे.

सरकार सांगते, प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून सुमारे १२ लाख लोकांना रोजगाराची संधी मिळेल. हा आकडा आपण जरा आपल्या अंगणात आणून मोजू. २०११ च्या जनगणनेनुसार आजच्या पालघर जिल्ह्याची सारी लोकसंख्या, तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, ३० लाखांच्या आत आहे. म्हणजे दर पाच माणसांमागे दोन नोकऱ्या! एवढे रोजगार एका जिल्ह्यात कसे मावतील, हे कोणी सांगत नाही. कंटेनर उतरवायला आता अजस्र क्रेन असतात. पूर्वीसारखी हमालांची रांग लागत नाही. यात आपल्या मुलांना किती, कोणत्या शिक्षणावर आणि कायम की कंत्राटी, हे लेखी विचारणे म्हणजे विकासविरोध नव्हे.

विचारण्यास कारणही आहे. न्हावा-शेवा बंदर आणि नवी मुंबई उभी राहताना उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांना जानेवारी १९८४ मध्ये गोळ्या झेलाव्या लागल्या. पाचजण हुतात्मे झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले, पण भूखंड हातात पडण्यासाठी माणसांच्या पिढ्या गेल्या. आपल्याकडचे ताजे उदाहरण बुलेट ट्रेनचे आहे. ती डहाणू-तलासरीतून जाते. थांबते मात्र बोईसरला, आणि त्यानंतर एकदम वापीला. जमीन आपली, स्थानक दुसऱ्याचे!

बंधूंनो, आज वाढवण, वरोर, धाकटी डहाणू येथील मच्छीमार समुद्र जाईल म्हणून रस्त्यावर आले आहेत. डाय बनवणारे कारागीर आणि बागायतदारही त्यांच्यासोबत आहेत. दुसरीकडे डहाणू-तलासरीचे आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि कधी सागरी हद्द ओलांडल्याच्या आरोपाखाली पाकिस्तानच्या तुरुंगात अडकतात. अशा घरातला मुलगा म्हणाला, "बंदर येऊ द्या, निदान घराजवळ काम मिळेल," तर त्याला गद्दार म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपल्या वस्तीतही आयटीआय झालेली मुले हेच बोलतात, आणि शेजारची कोळीण मावशी त्याच्या उलट बोलते. दोघांचीही पोटे खरी आहेत. दोघांना एका सतरंजीवर बसवील अशी जागा आज कोठे आहे, हा आमच्यापुढील खरा प्रश्न आहे.

तथागतांनी कूटदंत सुत्तात महाविजित राजाची कथा सांगितली आहे. राजाला महायज्ञ करायचा होता. पुरोहित म्हणाला, राज्यात लूटमार आहे, ती कर वाढवून वा फाशी देऊन थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बी आणि चारा द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला वेतन द्या. राजाने तसे केले आणि राज्य शांत झाले. आधी घरोघरी चूल पेटली पाहिजे, यज्ञकुंड नंतर!

महापरिनिब्बान सुत्तात दुसरा धडा आहे. अजातशत्रूला वज्जींवर स्वारी करायची होती. तेव्हा भगवंतांनी आनंदाला विचारले, वज्जी वारंवार सभा भरवतात का, एकोप्याने जमतात आणि एकोप्याने उठतात का? तसे आहे तोवर त्यांची वृद्धीच होईल, असे ते म्हणाले. पुढे अट्ठकथेत आहे की, वस्सकार मंत्र्याने वज्जींत फूट पाडली आणि मग वैशाली पडली. सभा मोडली, तेथेच गणराज्य हरले.

आपल्या मुलखाने हा धडा स्वतः गिरवला आहे. १९४५ साली तलासरीतील झरी गावी वारली बांधव सभेला जमले आणि वेठ करणार नाही असे ठरवून उठले. त्यांच्या पाठीशी गोदावरी आणि शामराव परुळेकर होते. हेच शामराव १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून गेले होते आणि खोतीविरुद्धच्या १९३८ च्या मोर्चात होते, हे आपल्या तरुणांना ठाऊक असावे. निळा आणि लाल झेंडा पुढे वेगळे झाले, पण वेठीविरुद्धची सभा दोघांच्या आठवणीत आहे.

आज ही सभा कायद्यात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. आपले दोन्ही तालुके त्या क्षेत्रात येतात. परंतु शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल संगणकावर पडून असतो आणि सभेत सह्यांचा कागद तेवढा फिरतो. याला विचारविनिमय म्हणत नाहीत.

म्हणून आमची मंडळाला तीन कामांची विनंती आहे. पहिले, बंदर, रस्ता, रेल्वे यांच्या नोटिसा विहारात मराठीत मोठ्याने वाचून दाखवाव्यात आणि वारली जाणणाऱ्याने त्या पाड्यावर समजावून सांगाव्यात. दुसरे, प्रत्येक कुटुंबाने सातबारा, वनहक्क दावा व मोबदल्याच्या कागदांच्या प्रती काढाव्यात आणि त्यांचा एक संच मंडळाने जपावा. तिसरे, बंदरात कोणत्या कामास कोणते शिक्षण लागेल, ते लेखी मागवून आपल्या मुलामुलींना आत्तापासून तयार करावे. बंदराला विरोध करणारा आणि बंदर मागणारा, दोघांनाही या तीन कामांत सामील होता येईल.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि अर्थकारणात विषमता ही विसंगती फार काळ ठेवली, तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल. मतदान केंद्रावर आपल्या मताची किंमत अदानींच्या मताइतकीच आहे. भूसंपादनाच्या टेबलावर ती तशी नसते. ती वाढवायची असेल तर एकेकट्याने जाऊन चालणार नाही.

उषवदाताने सभा दोन्ही तीरांवर उभारली होती, एका तीरावर नव्हे. आपणही ती दोन्ही तीरांवर भरवू या. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम! जय भारत!