अम्मीला वाचून दाखवताना



'तुम्ही कसं लिहिता' यावर बोला, असं संयोजकांनी सांगितलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवस कोड लिहिण्यात जातो, कथेसाठी रात्रीचा तासभर उरतो. त्यामुळे सर्जनशीलतेवर व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. घरातली एक गोष्ट सांगतो.

माझी अम्मी सोलापुरात विड्या वळायची. तेंदूची पानं भिजवायची, मापाने कापायची आणि मांडीवर सूप घेऊन बसायची. मजुरी हजार विड्यांवर. पंचवीस विड्यांचा कट्टा, असे चाळीस कट्टे झाले की हजार. तिला वाचता येत नव्हतं. मी शेजारी बसून शाळेतलं मराठीचं पुस्तक मोठ्याने वाचायचो. घरात आम्ही दखनी बोलतो आणि तिचं मराठी बाजारापुरतं. म्हणून एक ओळ मराठीत वाचायची, तीच दखनीत सांगायची. शब्द अडला की मी काहीतरी ठोकून द्यायचो. हात न थांबवता ती म्हणायची, "ये जमता नईं. फिर से देख." माझी पहिली संपादक तीच.

मोठेपणी वाचलं की हे फक्त आमच्या घरात घडत नव्हतं. केरळात कन्नूरकडचे विडी कामगार आपल्यातल्याच एकाला वर्तमानपत्र, पुस्तकं वाचायला बसवत आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून देत. क्यूबात १८६५ पासून सिगार कामगारांनी स्वतःच्या मजुरीतून पैसे काढून वाचणारा ठेवला. हात कामात असले तरी कान मोकळे असतात, हे त्यांनी ओळखलं होतं. 'वाचायला वेळ नाही' हे वाक्य तेव्हापासून मी जरा जपून वापरतो.

काही वर्षांपूर्वी मी अम्मीवर कथा लिहिली. माल तपासताना तिच्या बऱ्याच विड्या बाद केल्या होत्या, त्या दिवसाची. कथेतली आई घरी येते आणि चुलीपुढे बसून रडते. मित्रांना कथा आवडली, एकाचे डोळेही भरून आले. मग एका रविवारी मी ती अम्मीला वाचून दाखवली, जुन्या पद्धतीने, दखनीत सांगत. ती लसूण सोलत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "अच्छी है. लेकिन उस दिन मैं रोई नईं, बाबा. पानां गिन रई थी."

बाद झालेला माल भरून द्यायचा होता. घरातली पानं पुरतील की पदरचे पैसे घालून आणावी लागतील, याचा ती हिशेब करत होती.

मला लाज वाटली. रडणारी गरीब आई मी पुस्तकांतून आणि सिनेमांतून उचलली होती. पानं मोजणारी अम्मी दोन हातांवर बसलेली असायची, ती मला दिसलीच नव्हती. ज्या वाचनाने मला भाषा दिली, त्यानेच ही तयार आईसुद्धा दिली होती. म्हणून वाचन कमी करावं असं मी म्हणत नाही. पण पुस्तकातून डोकं वर काढून समोरच्या माणसाला 'हे असंच होतं का?' असं विचारावं, एवढं मात्र शिकलो.

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरात-शेतात काम करता करता त्या ओव्या रचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातल्या एकाने त्या उतरवून घेतल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, पुस्तक १९५२ साली आलं. उतरवून घेणारं कुणी नसतं तर? असं किती घरांत झालं असेल? लेखकाचं निम्मं काम उतरवून घेण्याचं आहे, असं मला वाटतं.

कथेतलं रडणं मी काढलं. त्या जागी पानं मोजणं आलं आणि शेवट कोसळला. आता तो नव्याने लिहितोय. दर रविवारी अम्मी विचारते, "आगे क्या हुआ?"

तुम्ही घरच्या कुणावर लिहिलं असेल, तर छापण्याआधी त्यांना एकदा वाचून दाखवा. त्यांना वाचता येत असलं तरी.