बोरीवलीचं मत, कुडाळचं मत

बोरीवलीतून पुन्हा एकदा तुमच्यासोबत. हेडफोन कानात आहेतच, आज फोनमधला कॅल्क्युलेटरही उघडा.

२०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या साधारण ९३.५ लाख. आमदार २६. भागाकार करा: एका आमदारामागे ३.६ लाख माणसं. आता सिंधुदुर्ग: साडेआठ लाख, आमदार ३. म्हणजे एकामागे २.८ लाख. थोडक्यात, विधानसभेत तिथल्या चार माणसांचं वजन आपल्याकडच्या पाचांइतकं. आणि तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यात? एकामागे तब्बल ४.६ लाख!

'गाववाले शहराचा हक्क खातात' असं वाटलं ना? अशाच थंबनेल बनतात. पण थांबा, अर्धीच गोष्ट झाली.

आत्ताचे मतदारसंघ २००८ च्या फेररचनेतले, २००१ च्या जनगणनेवर आखलेले. त्यात उपनगरातले आमदार १७ वरून २६ झाले. त्याच वेळी सिंधुदुर्गात ४ चे ३ झाले, रत्नागिरीत ७ चे ५. का? कारण तिथली माणसं इथे आली. माझे बाबा कुडाळचे. ते इथे मोजले गेले, आजी मात्र तिथेच राहिली. तिची एसटी, तिचा सरकारी दवाखाना यांबद्दल विधानसभेत बोलणारा जिल्ह्यातला एक आवाज गेला. चॅनेलवाल्यांनी गाव विरुद्ध शहर अशी कुस्ती लावली, तर आमच्यासारख्या चाकरमान्यांनी टाळ्या कुणासाठी वाजवायच्या?

'सामना' १९८८ मध्ये शिवसेनेचं मुखपत्र म्हणून सुरू झाला, आता पक्षफुटीनंतर तो ठाकरे गटाचं मुखपत्र आहे. बाजू उघड आहे, वाचणारा ती धरूनच वाचतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या क्लिपवर मात्र कुणाचाच शिक्का नसतो. तिथे अर्धा आकडा पुरतो: शहरातल्याला एक अर्धा, गावातल्याला दुसरा.

माझं मत सांगतो. मताचं वजन शक्य तितकं सारखंच हवं. गाव लांब आहे, वस्ती विरळ आहे, हा प्रश्न खराच. पण त्याला उत्तर जिल्हा परिषदेला आणि ग्रामपंचायतीला पैसा न् अधिकार देणं हे आहे. आपण नेमकं उलट केलं. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं मुंबई महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. अनेक जिल्हा परिषदांचीही तीच गत. आपण गाव-शहर भांडत बसलो आणि गटार तुंबलं की दार ठोठवायला हक्काचा माणूस ना इथे होता, ना तिथे.

८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची विभागणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली होती. त्यामुळे फेररचनेची चर्चा आता वाढतच जाणार, क्लिपाही येणार. फॉरवर्ड करण्याआधी दोनच प्रश्न विचारा: लोकसंख्या किती आणि जागा किती? मग गावी एक फोन लावा आणि तिकडे काय क्लिप फिरतेय तेही विचारा.

तुमच्या जिल्ह्याचा भागाकार मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!