छोट्या हुकमांचा इतिहास

(अंबरनाथ येथील व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेत आजचा विषय 'नाझी राजवट आणि लहान मुलं' असा छापला आहे. पहिल्या महायुद्धातला पराभव, व्हर्सायचा तह, महागाई, बेकारी, जानेवारी 1933 मध्ये हिटलरच्या हाती आलेली सत्ता, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. मला एकच गोष्ट मांडायची आहे, ती आधीच सांगून टाकतो. हा इतिहास आपण मुलांना शेवटाकडून शिकवतो. साठ लाख ज्यूंची हत्या, ऑश्विट्झ, विषारी वायूच्या कोठड्या. शेवट इतका भीषण आहे की तो तुमच्याआमच्यासारख्या माणसांनी घडवला, यावर मुलांचा विश्वासच बसत नाही. त्यांना वाटतं, तो कुठलातरी राक्षसांचा देश होता, आपला त्याच्याशी संबंध नाही. माझं म्हणणं असं, की हा इतिहास हुकमांच्या क्रमाने शिकवावा. एकेक हुकूम छोटा, छापील, सहीशिक्क्याचा. आणि त्या शेकडो हुकमांत मला सर्वांत बोलका वाटतो तो मे 1942 चा. ज्यूंनी घरात कुत्रा, मांजर, पक्षी, कुठलाही पाळीव प्राणी ठेवायचा नाही, एवढंच त्यात म्हटलं होतं.

समजण्यासाठी 1930 साली बर्लिनमध्ये जन्मलेली एक ज्यू मुलगी डोळ्यांसमोर आणा. मी तिला नाव देत नाही, कारण ती माझ्या मनातली आहे. तिच्या आयुष्यातले हुकूम मात्र अस्सल आहेत. ती तीन वर्षांची असताना, एप्रिल 1933 च्या कायद्याने ज्यू सरकारी नोकरांना काढायला सुरुवात झाली. पाच वर्षांची असताना न्युरेंबर्गचे कायदे आले आणि तिच्या घरच्यांचं नागरिकत्व गेलं. आठव्या वर्षी, नोव्हेंबर 1938 मध्ये, एका रात्रीत देशभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जळाली, दुकानं फुटली. त्याच आठवड्यात तिला सिनेमा-नाटकाची बंदी झाली, आणि 15 नोव्हेंबरला सरकारी शाळा बंद झाली. डिसेंबरात पोहण्याचा तलाव गेला. जानेवारी 1939 पासून कागदोपत्री तिच्या नावापुढे 'सारा' जोडणं सक्तीचं झालं. बागेतली कुठली बाकं तिची नाहीत, हे ठरलं. युद्ध सुरू झालं त्या सप्टेंबरात रात्री आठनंतर घराबाहेर पडायला मनाई आली, घरातला रेडिओ जप्त झाला. अकराव्या वर्षी, सप्टेंबर 1941 मध्ये, कपड्यांवर पिवळा तारा शिवावा लागला. सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला तो लागू होता. पुढच्याच महिन्यात बर्लिनहून हद्दपारीच्या गाड्या सुटू लागल्या आणि देश सोडून जाण्याची वाटही बंद झाली. आता विचार करा, बाराव्या वर्षी या मुलीपाशी काय उरलं असेल? शाळा नाही, मैत्रिणी नाहीत, तलाव नाही, बाग नाही. घरात कुत्रा असला, तर तेवढा एकच जीव असा, ज्याला ती ज्यू आहे हे कळत नाही. हुकूम त्याच्यापर्यंत येऊन पोचला.

या हुकमाचं खरं रूप कळतं ते त्याच राजवटीचा दुसरा कायदा शेजारी ठेवला की. 24 नोव्हेंबर 1933 रोजी जर्मनीत प्राणिसंरक्षणाचा कायदा झाला. तो त्या काळी जगातल्या कडक कायद्यांपैकी एक होता. जिवंत प्राण्यांची चिरफाड करून प्रयोग करणाऱ्यांना छळछावणीत पाठवू, अशी धमकी नाझी नेता गोअरिंगने त्याच वर्षी रेडिओवरून दिली होती. हिटलर आपल्या अल्सेशियन कुत्र्यांसह हौसेने छायाचित्रं काढून घेई. म्हणजे मुक्या जनावराची वेदना या लोकांना कळत नव्हती असं नाही. तरीही ज्यू घरातल्या कुत्र्याला त्या कायद्याने वाचवलं नाही. कुत्रा तोच, जात तीच, वेदना तीच. फक्त त्याचा जीव जडला होता तो चुकीच्या ठरवलेल्या माणसावर. कायद्यातली दया कुणाच्या जन्मावर अवलंबून ठेवली की ती किती पोकळ होते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. हा हुकूम का काढला असेल? युद्धकाळात धान्याची टंचाई होती हे एक. माझा तर्क असा, की दुसरं कारण त्याहून कारकुनी होतं. माणसं गाडीत भरून नेल्यावर सील केलेल्या घरात भुंकणारं जनावर मागे राहतं आणि शेजारी तक्रार करतात. ती अडचण आधीच निस्तरून ठेवायची होती.

ड्रेस्डेनचे, जन्माने ज्यू असलेले प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्पेरर यांच्या रोजनिशीत या हुकमाची दिवसागणिक नोंद आहे. त्यांच्या घरात मूल नव्हतं, आणि होतं ते मांजर. पण हुकूम घरात कसा शिरतो हे त्यांच्याइतकं बारकाईने क्वचितच कुणी लिहिलं असेल. फ्रेंच साहित्याचे हे अभ्यासक पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढले होते, प्रॉटेस्टंट झाले होते, पत्नी एफा ज्यू नव्हत्या. 1935 मध्ये त्यांची प्राध्यापकी गेली. मग गाडी चालवण्याचा परवाना गेला, मग स्वतः बांधलेलं घर सोडून ज्यूंसाठी ठरवलेल्या घरात राहायला जावं लागलं. 1942 च्या मे महिन्यात प्राण्यांचा हुकूम आला. मांजर दुसऱ्याला सांभाळायला देण्याचीही मुभा नव्हती, ते सरकारजमा करायचं होतं. तिथे त्याचे हाल होतील म्हणून एफांनी मुशेल नावाचा तो बोका मुदतीच्या आधी पशुवैद्याकडे नेला आणि त्याला कायमचं झोपवलं. त्याच उन्हाळ्यात, 6 जुलैला, ॲमस्टरडॅममध्ये ॲन फ्रँक ही ज्यू मुलगी लपायला गेली तेव्हा तिला तिचं मूर्त्ये हे मांजर मागे सोडावं लागलं. त्याच्या तीनच आठवडे आधी तिच्या तेराव्या वाढदिवसाच्या मेजवानीत रिन टिन टिन या कुत्र्याचा सिनेमा घरी दाखवला गेला होता. ज्यू मुलांना चित्रपटगृहात जायची बंदी होती.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा, की जिथे सुमारे पंधरा लाख मुलं मारली गेली, तिथे कुत्र्यामांजराचं काय घेऊन बसलात? हा मृतांचा अपमान नाही का? मी कुत्र्याला मुलांच्या शेजारी ठेवत नाही. मी म्हणतो, मुलांपर्यंत पोचणारा रस्ता कुत्र्यावरून, बाकावरून, रेडिओवरून गेला. प्रत्येक पायरीवर शेजाऱ्यांना वाटलं, एवढंच तर आहे. पायऱ्या पाहिल्याशिवाय खालची विहीर किती खोल हे कळत नाही. दुसरा आक्षेप मला समोरच्या चेहऱ्यांवर दिसतो आहे. आमच्या सोसायटीतही कुत्र्यांचे नियम आहेत, मग आम्ही नाझी का? बदलापुरात नव्या संकुलांच्या सर्वसाधारण सभा कशावरून रंगतात, ते इथल्या सेक्रेटरी मंडळींनी हात वर करून सांगावं. (हशा) तर ऐका. कुत्र्याला पट्टा बांधा, त्याची लस टोचून घ्या, घाण उचला, हे नियम माणसाच्या वागणुकीकडे पाहतात आणि सगळ्यांना सारखे असतात. वागणूक सुधारली की माणूस नियमातून सुटतो. 1942 च्या हुकमातून सुटायची वाटच नव्हती, कारण त्याने वागणूक पाहिलीच नाही, जन्म पाहिला. नियम चांगला की वाईट हे ओळखायची हीच कसोटी आहे.

आणि म्हणूनच आपल्याकडे सहज कानावर पडणाऱ्या एका वाक्याचा मला त्रास होतो. 'काही म्हणा, शिस्त लावावी तर हिटलरने.' पुस्तकांच्या फुटपाथी दुकानांत त्याचं आत्मचरित्र यशाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. 2006 साली खारघरमध्ये एका हॉटेलाला त्याचं नाव दिलं गेलं होतं. मुंबईच्या ज्यू समाजाने आक्षेप घेतल्यावर ते बदललं. शिस्तीचं ते वाक्य म्हणणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांना उशिरा येणाऱ्या गाड्यांचा, तुंबलेल्या गटारांचा, लाच मागणाऱ्या टेबलांचा वैताग आलेला असतो. पण त्यांनी ती शिस्त कशी होती ते पाहावं. बारा वर्षांच्या मुलीचा कुत्रा मुदतीत जमा झाला की नाही, याची नोंद ठेवणारी ती शिस्त होती. माणसाची भीती वापरून मिळवलेला वक्तशीरपणा शेवटी त्याच देशाला राखेपर्यंत घेऊन गेला. 1945 मध्ये ड्रेस्डेन जळालं, बर्लिन जळालं, तेव्हा त्या शिस्तीतलं काय वाचलं?

'पण हे युरोपचं दुखणं, आपल्याला काय?' असंही विचारलं जातं. आपल्या कोकणात बेने इस्राएल हा ज्यू समाज किती शतकं राहतो आहे! शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, गावांवरून पडलेली नागावकर, दिवेकर, किहीमकर अशी आडनावं, मराठीतून रचलेली कीर्तनं. ठाण्याचं सिनेगॉग 1879 चं आहे. बर्लिनमध्ये ज्यूंच्या नोकऱ्या गेल्या होत्या, तेव्हा 1937 साली मुंबईचे महापौर होते डॉ. ई. मोझेस, याच समाजातले. आणि त्याच मुंबईत युरोपातून पळालेले ज्यू उतरत होते. त्यांच्या मदतीसाठी 1934 मध्ये इथे ज्यू रिलीफ असोसिएशन उभी राहिली. त्याच वर्षी आले संगीतकार वॉल्टर कॉफमन. तंबोऱ्यावर व्हायोलिनची ती आकाशवाणीची सुरावट, सकाळी कार्यक्रम सुरू होण्याआधी वाजणारी, ती त्यांचीच मानली जाते. ज्येष्ठ मंडळींच्या ओठांवर ती आत्ताच आलेली दिसते. (हशा) व्हिएन्नाहून चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आले, पत्नी केटे ज्यू होत्या म्हणून देश सोडावा लागला. त्यांच्या घरी रझा, आरा, सूझा हे तरुण चित्रकार जमू लागले. समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर हेही याच निर्वासितांतले. नर्तकी हिल्डे होल्गर 1939 मध्ये आल्या, मुंबईत नृत्यशाळा काढली. मागे राहिलेले त्यांचे जवळचे नातलग नाझींनी मारले. आणि याचा एक कडू भागही सांगायला हवा. युद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने जर्मन पासपोर्ट पाहून यांतल्या काहींना शत्रू ठरवलं आणि अहमदनगर, देवळाली, पुढे पुरंदर अशा ठिकाणी नजरकैदेत ठेवलं. हिटलरच्या लेखी ते जर्मन नव्हते, इंग्रजांच्या लेखी जर्मन होते. मुंबईतल्या या निर्वासितांवर आणखी पुष्कळ बोलता येईल, पण अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली आहेत आणि बदलापूरकरांना गाडी गाठायची आहे. म्हणून थेट आपल्या गावांकडे येतो.

परकं ठरवलं जाणं म्हणजे काय, हे उल्हासनगरच्या मंडळींना समजावून सांगावं लागत नाही. युद्धकाळात तिथे कल्याणची लष्करी छावणी होती. 1947 नंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहिली, 8 ऑगस्ट 1949 रोजी उल्हासनगर हे नाव पडलं, आणि आजही पत्ता कॅम्प नंबराने सांगितला जातो. कालपरवापर्यंतचा शेजारी एकाएकी परका होतो म्हणजे काय, घर, अंगण, दारातलं जनावर मागे टाकून निघायचं म्हणजे काय, हे तिथल्या आज्या-आजोबांनी भोगलेलं आहे. फाळणी आणि नाझींचा संहार एक नव्हेत. त्यांची कारणं वेगळी, शेवटही वेगळे. पण आपल्या मुलांना आधी आपलं दुःख शिकवा, परक्याचं नको, असं जे म्हणतात त्यांना माझं उत्तर आहे, की दुसऱ्याच्या मुलीचं दुःख कळलं की आपल्या आजीचं अधिक कळतं. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या तिन्ही गावांत पिढ्यान्पिढ्यांचे रहिवासी आणि बाहेरून आलेले एकत्र राहतात. कुणाला 'बाहेरचा' ठरवायचं, या प्रश्नाची धार आपल्याला चांगली माहीत आहे.

लहान मुलांना हे सांगून घाबरवायचं कशाला, हा शेवटचा आक्षेप. त्याचं उत्तर बर्लिनमध्ये रस्त्यावर उभं आहे. शोनेबर्ग भागात 1993 मध्ये रेनाटा श्टीह आणि फ्रीडर श्नॉक या दोन कलावंतांनी विजेच्या खांबांवर ऐंशी फलक लावले. एका बाजूला साधं चित्र, दुसऱ्या बाजूला त्या वस्तूबद्दलचा हुकूम आणि तारीख. ज्यूंनी दुपारी चार ते पाच एवढ्याच वेळात किराणा घ्यावा. ज्यूंना टेलिफोन नाही. ज्यूंना पाळीव प्राणी नाही. प्रेतांचं एकही चित्र नाही, तरी वाचणारा हादरतो. आपल्या शाळांनी एवढंच करावं. वर्षातून एक तास, बारा फलक, बारा हुकूम, तारखांसह. पाचवीच्या मुलाला राजकारण कळणार नाही, पण माझा कुत्रा का घेऊन गेले, हा प्रश्न त्याला पूर्ण कळेल. मग शिक्षकांनी एकच सवय लावावी. कुठलाही नवा नियम वाचला, की तो माणसाचं वागणं पाहतो की त्याचा जन्म, हे आधी विचारायचं. आणि उत्तर जन्म असं आलं, तर तो नियम आपल्याला लागू नसला तरी उठून बोलायचं. 1942 मध्ये पुष्कळ चांगली माणसं गप्प बसली, कारण हुकूम छोटा होता आणि कुत्रा दुसऱ्याचा होता. आपली मुलं गप्प बसणार नाहीत, एवढं करणं या गावांतल्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या हातात आहे, आणि ते या जूनपासूनच सुरू व्हावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.