इलेक्ट्रॉनिक लेबल : नोंद कोणाच्या ताब्यात?

वस्तूच्या वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन, उत्पादकाचा पत्ता आणि तक्रारीसाठीचा दूरध्वनी क्रमांक छापण्याची सक्ती कायद्याने केलेली असते. हा तपशील कागदावर न छापता उपकरणाच्या पडद्यावर दाखविला किंवा क्यूआर कोडमागे ठेवला, की त्याला इलेक्ट्रॉनिक लेबल म्हणतात. उपकरणे लहान होत गेली आणि त्यांवर उमटवायची चिन्हे वाढत गेली, म्हणून अमेरिकेने २०१४ साली कायदा करून पडदा असलेल्या उपकरणांना ही मुभा दिली. भारतात जुलै २०२२ मध्ये वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ यांत दुरुस्ती होऊन इलेक्ट्रॉनिक वस्तूंना, आरंभी एका वर्षापुरती, अशीच सवलत मिळाली. मात्र पत्ता किंवा आकारमान कोडमागे गेले तरी किंमत, दूरध्वनी आणि ई-मेल वेष्टनावर डोळ्यांना दिसलेच पाहिजेत, अशी अट राहिली. ही अट शहाणपणाची होती, कारण भाव पाहण्यासाठी गिऱ्हाइकाने आधी फोन काढावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

हैदराबादच्या सुलतान बाजारालगतच्या गुजराती गल्लीत चार्जर घेणाऱ्याला मात्र पडद्यावरच्या लेबलाचा उपयोग थोडा, कारण चार्जरला पडदा नसतो आणि भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक त्याच्या अंगावर बारीक अक्षरांत शोधावा लागतो. परंतु क्रमांक छापणे कोणालाही जमते, त्यामुळे खरा प्रश्न लेबल कागदी की इलेक्ट्रॉनिक हा नसून त्यामागची नोंद कोणाच्या ताब्यात आहे, हा आहे.

सोन्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बरेच नीट दिले गेले आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक नगासाठी वेगळा असा अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा क्रमांक, बंधनकारक झाला. बावीस कॅरटच्या पाटलीच्या आतल्या बाजूस भिंगातून पाहिल्यास ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, ‘२२के९१६’ ही शुद्धता आणि हा क्रमांक दिसतो. तो ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घातला की सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, दागिन्याचा प्रकार व शुद्धता समोर येते. ही नोंद सराफाच्या वहीत नसून ब्यूरोकडे असते, म्हणून पडद्यावर अंगठी आणि हातात पाटली असे निघाल्यास लबाडी दुकानातच उघडी पडते.

औषधांच्या बाबतीत हा बंदोबस्त इतका पक्का नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे ब्रँडांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला असून त्यात औषधाचे मूळ नाव, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख आणि परवाना क्रमांक द्यावा लागतो. तथापि कोडमधील मजकूर उत्पादकानेच भरलेला असतो. खऱ्या पाकिटावरील कोड जसाच्या तसा उचलून बनावट पाकिटावर छापला, तर फोन तोच निर्दोष तपशील वाचून दाखवितो, आणि पट्टी हातात घेतलेल्या रुग्णाला तो कोड याआधी किती ठिकाणी वाचला गेला, हे त्या मजकुरावरून कळत नाही.