काचेचा पेला



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाची सवय नाही. तेव्हा चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझे आजोळ तळेगाव दाभाड्याचे. तिथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. प्रत्येकाने एकेक पैसा द्यावा व त्यातून स्वदेशी धंदे उभे राहावेत, ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. परदेशी ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी कारखान्याचे काम पाहिले.

माझे आजोबा तरुणपणी तिथे कामाला होते. ते म्हणत, "काच म्हणजे वाळू, सोडा नि चुना. सोडा नसेल तर वाळू लवकर वितळत नाही, चुना नसेल तर काच पाण्याला टिकत नाही." भट्टीतला रस मधासारखा दाट. लोखंडी नळीच्या टोकाला त्याचा गोळा घ्यायचा नि दुसऱ्या टोकाने फुंकायचे. आपली चुलीची फुंकणी आठवा. तिने विस्तव फुलतो, हिने पेला फुगतो. नळी सारखी फिरवावी लागते, हात थांबला की गोळा एका अंगाला ओघळलाच. तयार पेला मंद आचेच्या भट्टीत सावकाश निवू द्यायचा. इथे घाई केली, तर तो पुढे कधीतरी आपोआप तडकतो.

इटलीत व्हेनिस शहराजवळ मुरानो नावाचे बेट आहे. आगीच्या भयाने १२९१ साली शहरातल्या भट्ट्या तिकडे हलवल्या. विद्या बाहेर जाऊ नये म्हणून कारागिरांना गाव सोडण्याची बंदी असे. तिथल्या पेल्यांची चित्रे मुलीने मला दाखवली. दांडा वेलीसारखा वळवलेला, दोन्ही अंगांना काचेची पाने. पांढऱ्या काचेच्या शेवया ओढून त्या स्वच्छ काचेत गुंफतात, म्हणजे आत जाळी दिसते. आमच्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "हे घासायचे कसे?"

आता सांगायचे ते जरा जड जाते. आजोबांच्या हातचा एक पेला आईने मला लग्नात दिला. साधाच, हिरवट. सासरी काच सोवळ्याला चालत नसे, म्हणून तो खिडकीत गेला आणि धुणेभांडी करणाऱ्या बाईंच्या चहाचा झाला. त्यांनीच तो विसळून पालथा घालायचा. सासूबाई गेल्या, तरी मी हीच रीत चालवली. अठरा वर्षे झाली.

गेल्या दिवाळीत मुलीने विचारले, "पणजोबांचा पेला ना हा? मग तू यातून का पीत नाहीस?" मला उत्तर देता आले नाही. आजोबांनी फुंकून केलेली वस्तू मी एकदाही ओठाला लावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. त्यांना आमच्यातल्या कपात चहा दिला नि मी पेला घेतला. त्या म्हणाल्या, "वहिनी, माझा पेला कुठाय?" मी तो उचलून दाखवला व म्हटले, "आता दोघींचा." त्या काही बोलल्या नाहीत. कप हातात धरून चहा निवेपर्यंत तशाच बसून राहिल्या. त्यांच्या मनात काय होते, ते विचारण्याचा धीर मला अजून झालेला नाही.

त्यांना विचारून तो पेला आज इथे आणला आहे. हातात घेऊन पाहा. तळाशी एक बुडबुडा आहे, उजेडाकडे धरला की दिसतो.