मुलाखतीचे बोलावणे



मागच्या महिन्यात आपल्याच वर्गातले एक दादा कागद घेऊन आमच्याकडे आले. तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत एक कारखाना आहे. तिथे रात्रपाळीला राखणदार हवा होता. दादांनी अर्ज केला होता, आणि कारखान्याने त्यांना मुलाखतीला बोलावले होते. कागद त्यांनी स्वतः वाचला होता. पण ‘मुलाखत’ हा शब्द वाचला आणि त्यांच्या पोटात गोळा आला.

“गुरुजी, तिथं काय विचारतील? मला तर काहीच येत नाही.”

आम्ही म्हटले, “दादा, बसा. घरी सोयरीक जुळवायला पाहुणे येतात तेव्हा काय होतं? ते चार गोष्टी विचारतात. आपणही चार विचारतो. मुलाखत तशीच. बरं, रात्री तुम्ही काय करता?”

“उसाला पाणी देतो. लाइट रात्री बाराला येते. मग उठावंच लागतं.”

“कधी झोप लागून पाळी चुकली?”

“चुकवून कसं चालेल? पुन्हा आठ दिवस पाणी नाही.”

“मोटर बंद पडली तर?”

“आधी फ्यूज बघतो. आपल्या हातचं नसेल तर वायरमनला सांगतो. उगाच तारेला हात लावत नाही.”

“कधी चोर आले होते?”

“दोन वर्षांमागं मोटरीची केबल कापत होते. तिघं होते. मी एकटा पुढं गेलो नाही. लांबून बॅटरी मारली, आरडाओरडा केला, वस्तीवर फोन लावला. पळाले.”

ऐका मंडळी! हा माणूस रात्र रात्र जागतो, संकटात डोके शांत ठेवतो. राखणदाराला आणखी काय यायला हवे? आणि तोच म्हणतो, मला काही येत नाही. आपल्यातले पुष्कळ लोक असेच बोलतात. शाळेत जे शिकवतात तेवढेच येणे, असे आपण धरून बसलो आहोत. साहेब विचारतात, “आधी काय काम केलंय?” आपण म्हणतो, “काही नाही, शेतीच.” त्या ‘शेतीच’मध्ये काय काय आले ते साहेबाला कसे कळणार? ते आपणच सांगायचे. बायांनाही आम्ही हेच सांगतो. बचत गटाची वही सांभाळली, पन्नास माणसांचा स्वयंपाक वेळेवर उरकला, हे सांगण्यासारखे काम आहे.

मात्र नसलेले सांगू नये. दादा तिसरीपर्यंत शिकले, पुढे शाळा सुटली, आता वर्गात वाचायला लिहायला शिकले. आम्ही म्हटले, अगदी असेच सांगा.

एक अडचण खरी होती. राखणदाराला फाटकावर वही लिहावी लागते. कोणती गाडी आली, किती वाजता आली, किती वाजता गेली. गाड्यांचे नंबर असतात इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. ती अक्षरे आपण वर्गात शिकवली नव्हती. मग दादा रोज संध्याकाळी वही घेऊन एस.टी. थांब्यावर बसू लागले. येईल त्या टेंपोचा, ट्रकचा नंबर उतरवून घ्यायचे. पहिल्या दिवशी अर्धा नंबर लिहून होईपर्यंत गाडी निघून जायची. पोरे हसायची. नवव्या दिवशी एकही गाडी सुटली नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, फोटो, शाळेचा दाखला असेल तर तो, साक्षरतेच्या परीक्षेचे प्रमाणपत्र असेल तर तेही. साऱ्यांच्या झेरॉक्स प्रती द्याव्यात. मूळ कागद दाखवावेत आणि परत पिशवीत ठेवावेत. कोणी म्हणाले, “ओरिजिनल इथंच राहू द्या,” तर ठेवू नये.

आणि पैसे देऊ नयेत. “मुलाखतीत पास करून देतो, एवढे हजार द्या,” असे सांगणारे गावोगाव फिरतात. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून आपल्या क आणि ड गटाच्या नोकऱ्यांच्या मुलाखतीच बंद केल्या आहेत. जी मुलाखतच नाही, तिच्यात पास कोण करणार? तरी लोक म्हशी विकून पैसे देतात.

आता आपण काय विचारायचे ते सांगतो. काम किती तासांचे? सुटी कोणती? पगार बँकेत जमा होणार का? हातात किती पडणार? कापतात काय, तेही समजून घ्यावे. भविष्य निधीसाठी साधारणपणे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होतात, त्यातल्या शंभर रुपयांमागे १२ रुपये कापतात. मालकानेही तेवढेच घालायचे असतात. जिथे कामगार विमा लागू आहे, तिथे २०१९ पासून कामगाराचे शंभरामागे ७५ पैसे जातात आणि मालकाचे सव्वातीन रुपये. त्यातून दवाखाना मिळतो. म्हणून कापतात म्हटल्यावर लगेच नाराज होऊ नये. पण कापलेले भरतात का, हे मात्र विचारावे.

मुलाखतीच्या दिवशी दादा पहाटेच्या गाडीने गेले. टेबलापलीकडे दोघे साहेब होते. केबलचोरांची गोष्ट त्यांनी लक्ष देऊन ऐकली. मग नंबर लिहायला लावला, तो बिनचूक आला. साहेब खूश झाले. त्यांनी छापील कागद पुढे केला, “करा सही.”

दादा म्हणाले, “साहेब, मी सावकाश वाचतो. जरा वेळ द्या.”

बोट ठेवून त्यांनी कागद वाचला. त्यात कामाचे तास बारा लिहिले होते. दादांनी विचारले, “पगार आठ तासांचा की बाराचा?” जादा तासांना दुप्पट दराने मजुरी द्यावी असे कायदा सांगतो, हे त्यांना ठाऊक होते. साहेबांनी एकमेकांकडे पाहिले. म्हणाले, “विचारून कळवतो.”

या गोष्टीला बारा दिवस झाले. फोन आलेला नाही. विचारल्यामुळेच नोकरी हुकली का? हुकली असेलही, आम्ही नाही म्हणत नाही. दादांना पोरीच्या शाळेचा खर्च आहे, दोन एकरांत भागत नाही. ते दोन रात्री झोपले नाहीत. त्यांच्या घरी आम्ही गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, “गुरुजी, केली असती सही तर?” आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. दादाच म्हणाले, “अगं, बारा तास तिकडं आणि येण्याजाण्याचे तीन. मग उसाला पाणी कोण देणार?”

परवा दुसऱ्या एका कारखान्याचे बोलावणे आले आहे, येत्या मंगळवारचे. या वेळी दादांनी कागद आम्हाला दाखवायला आणला नाही. वाटेत भेटले तेव्हा एवढेच विचारले, “गुरुजी, सकाळची पहिली एस.टी. अजून साडेपाचचीच आहे ना?”